रंग न वाळलेलं गार्ड

गल्लीत वीज गेली की पहिला आवाज मिस्त्रींचा यायचा. दारात येऊन, स्वतःचा कान धरून ते ओरडायचे, "चुकलं माझं!" नळाला पाणी आलं नाही, चुकलं माझं. तालमीतल्या पोरांचा चेंडू कुणाच्या कौलावर पडला, चुकलं माझं. हे ते इतक्या मोठ्यानं आणि इतक्या तोऱ्यात म्हणायचे की भांडायला आलेला माणूस हसत परत जायचा. तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल, सगळ्या जगाच्या चुका अंगावर घेणारा. आपण त्याला दिलदार म्हणतो आणि पुढं जातो. ह्याला नेमकं लपवायचंय काय, असं विचारायचं आपल्याला सुचत नाही. मलाही सुचलं नव्हतं.

मिस्त्री आमच्या शेजारी राहायचे. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका फाउंड्रीत ते पॅटर्न मेकर होते. लोखंडाचा एखादा भाग ओतायचा असेल तर आधी तो हुबेहूब लाकडात करावा लागतो. त्या लाकडी नमुन्यावरून वाळूत साचा उठवतात आणि साच्यात लोखंडाचा रस ओततात. तो नमुना करणारा हा माणूस. बुटका, रुंद, बोलायला लागला की तिसऱ्या घरात ऐकू जाणारा. स्वतःच्या कामाचं कौतुक करायला त्यांना दुसऱ्या कुणाची गरज लागत नसे. चहाच्या बाबतीत मात्र त्यांना नेहमी दुसऱ्याची गरज लागायची.

आमचं घर पत्रकांचं. बाबा कामगार संघटनेत. कॉटखाली, माळ्यावर, तांदळाच्या डब्यावर, सगळीकडे पत्रकांचे गठ्ठे. मी अक्षरं शिकले ती गेटवर वाटायच्या कागदांवरून. 'कमळ' लिहिण्याआधी मला 'निषेध' लिहिता येत होतं. विशीत मी स्वतः पत्रकं लिहू लागले. जगातल्या प्रत्येक दुखण्यामागं एक मालक असतो अशी माझी समजूत होती. अजूनही बरीचशी तशीच आहे. हे आधीच सांगते, नाहीतर पुढचं वाचून कुणाला वाटायचं की माझे डोळे उघडले वगैरे.

मंदी आली आणि फाउंड्री बंद पडली. यंत्रं भंगारात गेली. मिस्त्रींना घरी बसून वर्ष झालं असेल, तेव्हा एका दुपारी गल्लीत टेम्पो शिरला. मागं ताडपत्रीखाली काहीतरी लांब, जड, तांबूस. तालमीतली पोरं बोलावली गेली. "हळू! आजारी माणूस हाय त्यो!" मिस्त्री ओरडत होते. पोरांनी कण्हत-कुथत ते धूड उतरवलं आणि मिस्त्रींच्या परसातल्या पत्र्याच्या शेडमध्ये नेऊन टेकवलं.

ते रंध्याचं मशीन होतं, इंग्रजांच्या काळातलं. बिडाचं लांब टेबल, मधोमध आडवी खाच. खाचेत धारदार पाती बसवलेला रूळ गरगर फिरतो. टेबलावरून फळी पुढं ढकलत नेली की खालून तासून गुळगुळीत होते. मशीनच्या अंगावर परदेशी कंपनीचं नाव उठावदार अक्षरात होतं, पण गंजानं त्यातली निम्मी अक्षरं खाल्ली होती. नवं मशीन ह्याच्या अर्ध्या त्रासात मिळालं असतं, असं सगळी गल्ली म्हणत होती.

"हे आमच्या पॅटर्न शॉपमधलं," मिस्त्री म्हणाले. "भंगारवाल्याकडं पावसात पडलं हुतं. बघवंना."

मग सुरू झाली मशीनची शुश्रूषा. रॉकेलमध्ये बुडवलेली फडकी, पॉलिश पेपर, तारेचे ब्रश. एकेक बोल्ट तेल पाजून, हातोडीनं हलकं हलकं टोकून सोडवायचा. एका बोल्टसाठी मिस्त्री आठवडाभर अडले होते. तो सुटला तेव्हा त्यांनी गल्लीत पेढे वाटायचं जाहीर केलं आणि अर्थातच वाटले नाहीत. बेअरिंगं झिजली होती ती पुन्हा ओतून घेतली. घरात साधी वीज, मशीनला हवी जास्तीची, म्हणून कुठूनतरी जुनी लहान मोटर आणून पट्टा जोडला. मी संध्याकाळी तिथं जाऊन बसायचे. हळूहळू माझ्याही हातात पॉलिश पेपर आला. गंजाखालून करडं, चमकदार बीड वर यायला लागलं की हात थांबत नाही. ते सुख मी घेतलं, नाही म्हणणार नाही.

काकू, म्हणजे मिस्त्रींची बायको, ओट्यावरून टोमणे मारायच्या. "माझ्या गुडघ्याला कधी बोटभर तेल लावलं न्हाई, आणि त्या मढ्याला रोज चोळतंय बघा!" गल्ली हसायची. मिस्त्री कान धरायचे.

मशीन झालं, असं मला पहिल्यांदा वाटलं ते उन्हाळ्यात. टेबल आरशासारखं, रूळ बिनआवाज फिरत होता. मिस्त्री म्हणाले, "झालं. आता शिवलिंगला बोलवायचं." आणि दुसऱ्या दिवशी जाऊन बघते तर मशीन पुन्हा खोललेलं. टेबल केसभर खाली हाय म्हणे. पावसाळ्यात परत झालं. "आता शिवलिंगला सांगावा धाडतो." चार दिवसांनी पुन्हा सगळे भाग पोत्यावर मांडलेले, बेअरिंग जरा गरम हुतंय म्हणे. असं किती वेळा झालं असेल! शेवटी मी विचारलंच.

"काका, हा शिवलिंग कोण?"

मिस्त्रींनी फडकं खाली ठेवलं. "माझ्या हाताखाली हुता. कागलच्या पल्याडचा. सोन्यासारखा हात. ह्याच मशीनवर त्याची तीन बोटं गेली."

मग त्यांनी ते सांगितलं. नव्वदच्या दशकातली, फाउंड्री जोरात असतानाची गोष्ट. मशीनच्या खाचेवर एक झाकण असतं, त्याला गार्ड म्हणतात. फळी आली की ते बाजूला सरकतं, फळी गेली की आपोआप खाचेवर परत येतं. हात पात्यावर जाऊ नये म्हणून. खंडेनवमीला शॉपमधली सगळी यंत्रं धुऊन, रंगवून पुजायची. त्या वर्षी मिस्त्रींनी गार्ड सोडवून लाल ऑइल पेंट दिला आणि खिडकीत वाळत ठेवलं. रंग वाळायच्या आत भटजी आले. पूजा उरकली. मशीनला झेंडूचा जाड हार पडला, नेमका खाचेवर आडवा. आणि त्या शॉपची रीत अशी की पूजा झाली की मशीनला पाना लावायचा नाही. दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, मुहूर्ताची पहिली फळी निघाली की मग हार काढायचा, मग पान्याला हात लावायचा. ती पहिली फळी दरवर्षी मिस्त्री स्वतः काढायचे.

"त्या वर्षी शिवलिंगला मान दिला," मिस्त्री म्हणाले. "नवीन लगीन झालेलं त्याचं. म्हटलं, घाल लेका तू. त्याला वाटलं हाराखाली गार्ड हाय. मला ठावं हुतं, गार्ड न्हाय. पण म्हटलं, एकच तर फळी. मालक हुबा, भटजी हुबं, आन मी कुठं पाना काढत बसू."

हार पात्यात ओढला गेला. फळी उसळली. फळीवर दाबून धरलेला हात मोकळ्या पात्यावर गेला.

आमच्या घरी खंडेनवमी नाही. आजोबांनी धम्मदीक्षा घेतल्यापासून दसऱ्याला आम्ही विहारात जातो, आणि लोखंडाला हार घालत नाही. त्यामुळं माझं डोकं लगेच तापलं. मी शेडमध्येच भाषण ठोकलं. म्हटलं, काका, तुमची चूक नाही. बोटं त्या रिवाजानं घेतली, आणि तो रिवाज चालू देणाऱ्या मालकानं घेतली. रंग वाळायला एक दिवस सुट्टी द्यायला काय झालं होतं? यंत्र सुरक्षित ठेवायची जबाबदारी कायद्यानं कुणाची? मालकाची चूक कामगारानं स्वतःवर घ्यायची, हेच तर त्यांना हवं असतं!

मिस्त्री कान देऊन ऐकत होते. चेहरा असा की उन्हातून सावलीत आल्यासारखा. म्हणाले, "परत म्हण."

"काय?"

"त्ये मालकाचं. परत म्हण जरा."

मी परत म्हटलं. नंतर तर ते सवयीचंच झालं. आठवड्यातून एकदा काकूंच्या हाती निरोप यायचा, "तुला बोलावलंय." मी गेले की मिस्त्री फडकं फिरवत म्हणायचे, "काय म्हणत हुतीस तू त्या दिवशी? जबाबदारी कुणाची?" मी सांगायचे. ते मान हलवायचे, जरा वेळ बरे दिसायचे, आणि पुन्हा एखादा बोल्ट सैल करायचे. मला वाटायचं, आपल्या शब्दांनी माणूस मोकळा होतोय. पत्रक लिहिणाऱ्याला याहून जास्त काय हवं असतं?

राहिलं होतं ते फक्त गार्ड. भंगारात ते कुठंतरी हरवलं होतं. मिस्त्रींनी सागाच्या लाकडात त्याचा नमुना केला आणि ओळखीच्या फाउंड्रीतून त्यावरून गार्ड ओतून आणलं. काम इतकं सफाईदार की मी म्हटलं, जुन्यापेक्षा हेच चांगलं असेल. मिस्त्री स्टुलावर बसले होते, गार्ड मांडीवर. त्यांनी ते उलटं केलं, सुलटं केलं.

"जुनं बसवताना बोटाला रंग लागला हुता," ते म्हणाले.

"कधी?"

"त्या दिवशीच. शिवलिंगला घेऊन सगळी दवाखान्याकडं पळाली. शॉप रिकामं. मी एकटा. मी खिडकीतनं गार्ड काढलं आन मशीनला बसवलं."

मला आधी कळलंच नाही. मी म्हटलं, "पण तोवर तर..."

"व्हय. तोवर बोटं गेलती. दुसऱ्या दिशी सरकारी साहेब बघायला आलं. त्येनी बघितलं, गार्ड जाग्यावर. लिवलं, कामगाराचा निष्काळजीपणा. मालक खूश. भरपाई जेमतेम. मला कुणी काय इचारलंच न्हाय." मिस्त्रींचा आवाज पहिल्यांदाच शेजारच्या घरात जाणार नाही एवढा लहान झाला होता. "शिवलिंगला अजून वाटतंय, गार्ड हुतं. आपलंच ध्यान नव्हतं."

ह्याच्यावर माझ्याकडे पत्रक नव्हतं. घाई मालकाची होती, रिवाज सगळ्यांचा होता, पण रिकाम्या शॉपमध्ये उभं राहून तो पाना फिरवणारा हात दुसऱ्या कुणाचाच नव्हता, एकट्या मिस्त्रींचा होता. आणि मी आठवडेच्या आठवडे त्या हाताला निर्दोष म्हणत आले होते. माझ्या हातातल्या पॉलिश पेपरची मला शिसारी आली.

"त्यांना बोलवा," मी म्हटलं. "ह्या रविवारी. नाहीतर मी जाते."

"मशीन जरा..."

"मशीन झालंय काका. कधीच झालंय. तुम्हाला माहीत आहे."

त्यांनी पुन्हा फडकं उचललं. पण सांगावा गेला.

शिवलिंग आला तो खांद्याला भुईमुगाच्या शेंगांची पिशवी अडकवून. उंच, सावळा, कपाळावर भस्माच्या पट्ट्या. गावी बायकोच्या नावावर पिठाची गिरणी टाकली होती, तिच्यावर तो बसायचा. उजवा हात त्याने सवयीनं सदऱ्याच्या खिशात ठेवला होता. "काय मिस्त्री, अजून हायसा व्हय? मला वाटलं गेलासा," असं म्हणून तो मोठ्यानं हसला. पिशवी काकूंच्या ओट्यावर ठेवली. "घरच्या शेंगा हायत. भाजून खावा."

मग शेडमध्ये आला आणि मशीन बघून थांबला. मी कोपऱ्यात उभी होते. जावं की थांबावं, कळत नव्हतं.

मिस्त्रींनी सांगितलं. गार्ड, रंग, हार, सगळं. आणि मग रिकामं शॉप. एका दमात, मान खाली घालून. मिस्त्री थांबल्यावर शिवलिंगनं खिशातला हात बाहेर काढला. अंगठा आणि करंगळी तेवढी शाबूत. त्या हातानं त्याने मशीनच्या टेबलावरून एक रेघ ओढल्यासारखं केलं.

"गुळगुळीत केलंसा की," तो म्हणाला.

मिस्त्री म्हणाले, "तुझ्यासाठीच..."

"माझ्यासाठी?" त्याचा आवाज चढला. "बोटं माझी गेली मिस्त्री, आन तेल तुमी ह्येला चोळलंसा? एवढी वर्सं! कागल काय लांब हाय? एस्टीनं तासाभराचं काम. एक डाव आलासा? ह्येचा गंज बघवला न्हाय तुमाला. माझा बघवला?"

हेच काकूंनी चेष्टेत म्हटलं होतं आणि आम्ही सगळे हसलो होतो. आता परसात कुणी हसत नव्हतं. मी त्या चकचकीत टेबलाकडे बघितलं. त्यातली निम्मी चमक माझ्या हातची होती.

"माज्या मनात काय असायचं ठावं हाय?" शिवलिंग आता हळू बोलत होता, ते जास्त वाईट होतं. "मी गिरणीचा पट्टा चढवताना दहा डाव बघतो. पोरगं उचलताना बघतो. मला वाटतं, माझ्या हातावर माझा भरवसा न्हाय. ध्यान जाग्यावर नसणारं माणूस मी. घरात कायबी सांडलं, मोडलं, की बायकू म्हणती, त्या दिवशीबी असंच केलं असंल तुमी. आन मी गप बसतो. कारण मलाबी तसंच वाटतं."

मी मध्ये तोंड घातलं. म्हटलं, "आपण हे लिहून काढू. अजूनही काही करता येतं का बघू, मालकावर..."

शिवलिंगनं माझ्याकडे पहिल्यांदा नीट बघितलं. "लिवा की ताई. लिवायलाच पायजे. पण कागूद नंतर." मग मिस्त्रींना म्हणाला, "मला सांगून काय उपेग न्हाय. घरी या. तिला सांगा."

जाताना त्याने ओट्यावरची शेंगांची पिशवी उचलली आणि खांद्याला लावली. काकू काही म्हणायच्या आत तो गल्लीच्या टोकाला पोचला होता.

मिस्त्री आता नाहीत. त्यांच्यामागं ते मशीन गडहिंग्लजकडच्या एका सुतारानं नेलं. टेम्पोत चढवताना गार्ड जागेवर आहे ना, हे मी हात लावून बघितलं. मालकाविरुद्धचं पत्रक मी नंतर लिहिलं आणि त्यातला एकही शब्द आज मागं घेणार नाही. पण मिस्त्री म्हटलं की मला ना मशीन आठवतं ना पत्रक. शिवलिंगच्या गावचा तो दिवस आठवतो. मिस्त्री "चल पोरी संगट" म्हणाले, म्हणून मी गेले होते. एकटं जायचं धाडस त्यांना होत नव्हतं, आणि मलाही त्यांना एकटं सोडवत नव्हतं.

गिरणी बंद करून शिवलिंगची बायको बाहेरच्या सोप्यात येऊन बसली. पदरावर, भुवयांवर पीठ. मिस्त्रींनी तिला सगळं सांगितलं. शिवलिंग दाराच्या चौकटीला टेकून बाहेर बघत होता. ऐकून झाल्यावर तिनं मिस्त्रींकडे बघितलंच नाही. नवऱ्याकडे वळून कानडीत काहीतरी विचारलं, दोनचारच शब्द. तो बाहेरच बघत राहिला. ती उठून आत गेली. आम्हाला वाटलं, चहा टाकायला गेली. बराच वेळ गेला. आतून भांड्याचाही आवाज आला नाही. कोल्हापूरच्या बाजूला दारात आलेल्या माणसाला चहा नाही, हे काय असतं ते इकडच्या माणसाला सांगायला नको. मिस्त्री उठले. त्यांनी हात जोडले, ते रिकाम्या दाराला.

आम्ही फाट्यावर येऊन उभे राहिलो. ऊन चांगलंच होतं. मी विचारलं, "त्या काय म्हणाल्या, काका? तुम्हाला कानडी येतं ना?"

मिस्त्री रस्त्याकडे बघत होते. "म्हणाली, मग मी एवढी वर्सं तुमाला बोलले, त्ये कुठं ठेवू?"

एक ट्रक गेला, उसाची एक गाडी गेली. एवढ्यात गावाकडून शिवलिंग येताना दिसला. मिस्त्री सरळ झाले. सदरा ओढून नीट केला. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी लिहायचा प्रयत्न करणार नाही. शिवलिंग जवळ आला, पण थोडं अंतर ठेवून थांबला. माझ्याकडे नाही, मिस्त्रींकडेच बघून बोलला. आवाजात राग नव्हता. अनोळखी माणसाला रस्ता सांगताना असतो तसा आवाज होता.

"पावणं, एस्टी हितं थांबत न्हाय. म्होरं वडाखाली थांबा."

एवढं सांगून तो वळला. तो गिरणीच्या वळणापलीकडे दिसेनासा होईपर्यंत मिस्त्री तिथंच उभे होते. मग त्यांनी पायाशी ठेवलेली आपली पिशवी उचलली आणि त्याने सांगितलेल्या वडाखाली जाऊन उभे राहिले.